अर्ध्या बैलाचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या सुमारास अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत, आमच्या गांवीं, मराठी मंडळींचें एक स्नेहभोजन झालें. जेवणानंतरच्या गप्पांत आम्हीं सहज सांगितलें कीं, या वर्षीं तीन शेजाऱ्यांशीं मिळून आम्हीं जवळच्या एका शेतकऱ्याकडून अर्धा बैल विकत घेतला आहे. बैठकींत एकदम शांतता पसरली. मग एक सुविद्य गृहस्थ, जे स्वतः दुकानांतील स्टेक आवडीनें खातात, हंसून म्हणाले, "दुकानांत वाटेल तें, वाटेल तेव्हां, स्वच्छ बांधून मिळत असतां शिकल्यासवरल्या माणसानें अर्धा बैल घरीं आणावा, हें रानटी खूळ आहे." त्यांच्या शेजारचे गृहस्थ मांसाला शिवत नाहींत, त्यांनीं, या विषयाशीं आपला कांहीं संबंध नाहीं, अशा अर्थानें मान फिरविली. एक बाई मात्र उत्साहानें म्हणाल्या, "मलाहि घ्यावयाचें आहे हो! पण मला त्यांतले स्टेक तेवढे हवेत."

या तिघांचीं मतें परदेशीं गेलेल्या आमच्या सुशिक्षित वर्गांत सर्रास ऐकूं येतात. म्हणून तिघांसहि उत्तर देणें आम्हांस अवश्य वाटतें. आणि सर्वांत कठोर उत्तर आमच्या बाजूनें बोलणाऱ्या त्या बाईंसच द्यावें लागणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून ठेवूं. गोमांस खावें कीं खाऊं नये, हा या लेखाचा विषय नव्हे. महाराष्ट्रांत १९९५ सालीं विधिमंडळानें मंजूर केलेल्या कायद्यास २०१५ सालीं राष्ट्रपतींची संमति मिळाली, आणि तेव्हांपासून तेथें गाईबरोबर बैल व वळू यांच्याहि कत्तलीस बंदी आहे. तेव्हां तेथील कुटुंबांस हा व्यवहार करतांच येत नाहीं. आम्ही बोलतों तें अमेरिकेविषयीं. परंतु ज्या घरांतील मुलगा किंवा लेक आज आयोवांत वा टेक्ससांत संसार करीत आहे अशीं घरें पुण्या-मुंबईंत थोडीं नाहींत. आणि खाणारा व पिकविणारा यांच्यामध्यें कोण उभा आहे हा प्रश्न मांसाप्रमाणें तुरीच्या डाळीसहि लागू आहे. एवढ्याकरितां पान न उलटण्याची वाचकांस विनंती आहे.

मान फिरविणाऱ्या गृहस्थांस दोनच शब्द सांगतों. ते मांस खात नाहींत; पण दहीं, ताक व तूप त्यांच्या पानावर दोन्ही वेळां असतें. अमेरिकेंतील गाय दुधास कमी झाली म्हणजे ती पांजरपोळांत जात नाहीं. ती कसाईखान्यांत जाते, आणि तिच्या मांसाचा खिमा होऊन तो त्याच दुकानाच्या दुसऱ्या कपाटांत येतो. तिच्या गोऱ्ह्यांचीहि बहुधा तीच वाट. कोणाच्या व्रताचा उपहास करण्याचा आमचा हेतु नाहीं. जो विचारपूर्वक व्रत पाळतो त्याच्याविषयीं आम्हांस आदरच आहे. म्हणणें इतकेंच कीं, त्या देशांत दूध पिणाऱ्यास गुरांच्या बाजाराशीं आपला संबंध नाहीं असें म्हणून उठून जातां येत नाहीं.

आतां स्वच्छ बांधलेल्या मालाची थोरवी गाणाऱ्या गृहस्थांकडे वळूं. ती स्वच्छता आली कशी? १९०६ सालीं अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही कादंबरी पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. शिकागोच्या मांसकारखान्यांतील मजुरांचे हाल लोकांच्या डोळ्यांसमोर यावेत हा त्यांचा उद्देश होता. परंतु वाचकांच्या पोटांत ढवळलें तें कारखान्यांतील घाणीच्या वर्णनानें. त्याच वर्षींच्या ३० जून रोजीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मांसतपासणीच्या कायद्यावर सही केली. मजुरांची दाद मात्र मागेंच राहिली. खाणारा आपल्या पोटापुरता जागा झाला, आणि पोट निवतांच पुन्हां निजला.

त्या काळीं आर्मर, स्विफ्ट, मॉरिस, विल्सन व कडाही या पांच कंपन्यांचा मांसाच्या बाजारावर इतका पगडा होता कीं, तो सैल करण्यासाठीं १९२१ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसला स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढें कांहीं दशकें तो सैल झालाहि. १९८० सालीं, मका चारून पुष्ट केलेल्या दर शंभर गुरांपैकीं सुमारें ३६ गुरें चार सर्वांत मोठ्या कंपन्यांकडे जात. आज जेबीएस, टायसन, कारगिल व नॅशनल बीफ या चौघींकडे तशीं सुमारें ८५ गुरें जातात. म्हणजे ज्या रोगावर शंभर वर्षांपूर्वीं औषध दिलें, तो पूर्वींहून बळावून परत आला आहे. आणि आमचे गृहस्थ पुडक्यावरील कागदाची चकाकी पाहून प्रकृति उत्तम असल्याचा निर्वाळा देतात!

या स्थितीचा परिणाम काय होतो तें दोन प्रसंगीं उघड झालें. ९ ऑगस्ट २०१९ रोजीं कॅन्सस संस्थानांत होल्कम येथील एका कारखान्यास आग लागली. देशांतील गुरांच्या एकंदर कत्तलीपैकीं शेंकडा पांच-सहा कत्तल त्या एका ठिकाणीं होत असे. आगीनंतर शेतकऱ्याच्या गुराची किंमत उतरली, आणि मांसाची घाऊक किंमत चढली! पुढल्याच वर्षीं, एप्रिल-मे २०२० मध्यें, कोविडच्या सांथीनें कारखान्यामागून कारखाना बंद पडूं लागला. हजारों मजूर आजारी पडले. आणि पुन्हां तेंच झालें. शेतावर विकावयास आणलेलीं गुरें अडून राहिलीं आणि दुकानांतील कपाटें रिकामीं पडलीं. जनावरें होतीं, खाणारे होते. मधला दरवाजा तेवढा अरुंद होता. आणि अशा दरवाज्याच्या दोन्ही अंगांस गर्दी झाली म्हणजे पैसा दरवाजा राखणारासच मिळतो.

मोठ्या कारखान्यांत दर गुरामागें खर्च कमी येतो हें अर्थशास्त्र आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तो वाचलेला पैसा कोठें गेला, हें विचारण्याचा अधिकार सोडावयासहि आम्ही तयार नाहीं. १ जानेवारी २०२५ रोजीं अमेरिकेंतील गुरांची संख्या ८ कोटि ६७ लाख होती. १९५१ नंतर ती इतकी खालीं कधींच गेली नव्हती. अवर्षण हें त्याचें एक कारण. परंतु गुरें राखणाऱ्याच्या हातीं वर्षानुवर्षें कांहीं उरेना, म्हणून त्यानें कळप मोडले, हें दुसरें. आणि गुरें कमी झालीं तेव्हां भार कोणावर पडला? नोव्हेंबर २०२५ मध्यें नेब्रास्कांतील लेक्सिंग्टन या लहानशा शहरांतला कारखाना बंद करण्याचें त्याच्या मालकांनीं जाहीर केलें; तीन हजारांवर माणसांचें काम एका कागदानें गेलें. स्वस्ताईच्या हिशेबांत हे आंकडे कोणी मांडीत नाहीं.

याउलट आमचा व्यवहार कसा होतो तें सांगतों. शेतकऱ्याचा बैल वीस-बावीस महिन्यांचा झाला म्हणजे, तो जिवंत असतांच, आपण बयाणा देऊन त्याचा हिस्सा विकत घेतों. यांत कायद्याची एक खोंच आहे. सरकारी तपासनिसाच्या शिक्क्यावांचून कापलेलें मांस विकतां येत नाहीं. पण स्वतःच्या मालकीचें जनावर स्वतःच्या घरच्या माणसांसाठीं, पाहुण्यांसाठीं व नोकरांसाठीं कापून घेतां येतें. म्हणून आपण मांस घेत नाहीं, बैलाचे भागीदार होतों. आणि अशा प्रत्येक पुडक्यावर 'विक्रीसाठीं नाहीं' असा शिक्का असतो.

आतां हिशेब. साडेबाराशें पौंडांचा बैल कापून, सोलून, टांगला म्हणजे धडाचें वजन सुमारें ७८० पौंड भरतें. मग तें दहा-पंधरा दिवस थंड खोलींत मुरवितात. हाडें, चरबी व सुकून गेलेलें पाणी वजा जातां पुडक्यांत येतें तें पांचशें पौंडांच्या आसपास. शेतकऱ्याचा भाव बहुधा टांगलेल्या वजनावर असतो. समजा, तो पौंडास पांच डॉलर आणि कापण्याबांधण्याची मजुरी आणखी एक डॉलर. तर ७८० पौंडांचे ४,६८० डॉलर झाले, आणि पुडक्यांतील मांस पौंडास सव्वानऊ डॉलरांहून अधिक पडलें. २०२५ सालीं दुकानांतील साध्या खिम्याची सरासरी किंमत पौंडास सहा डॉलरांवर गेली होती. तेव्हां खिम्यापुरतें पाहिलें तर आमचे पैसे जास्त गेले. स्टेकपुरतें पाहिलें तर पुष्कळ वांचले. शेतावरून घेतलेला माल नेहमीं स्वस्तच पडतो असें जो सांगेल, त्याला टांगलेल्या आणि बांधलेल्या वजनांतील भेद कळलेला नाहीं, किंवा तो आपणांस फसवीत आहे. आम्ही स्वस्ताईचे वकील नाहीं. आम्ही इतकेंच म्हणतों कीं, यांत शेतकऱ्यानें मागितलेला भाव शेतकऱ्याच्याच हातांत पडतो, आणि मजुरी ज्यानें सुरी चालविली त्याच्या.

तपासणीविषयींहि खोटें बोलूं नये. अशा खाजगी कत्तलीच्या वेळीं प्रत्येक धडाशेजारीं सरकारी तपासनीस उभा नसतो. म्हणून शेतकरी आणि खाटीक दोघांचीहि ओळख असल्यावांचून या वाटेस जाऊं नये, आणि ज्यास तपासणी हवीच असेल त्यानें तपासणी होणाऱ्या लहान कसाईखान्याचा आग्रह धरावा. परंतु शिक्का म्हणजे अभय, हाहि भ्रमच. १९९३ सालीं अमेरिकेच्या पश्चिमेकडील संस्थानांत कच्च्या राहिलेल्या खिम्यांतून जंतुविकार पसरून चार मुलें दगावलीं. तो खिमा शिक्क्याचाच होता. मोठ्या कारखान्यांतील खिम्याच्या एका घाण्यांत अनेक जनावरांचें मांस मिसळतें, आणि एका जनावरांतला दोष सर्वांस लागतो. आमच्या पुडक्यांतील खिमा एकाच बैलाचा असतो, आणि तो बैल आम्हीं पाहिलेला असतो.

एक आक्षेप मात्र आम्हांस खराच बोंचतो. एवढी रक्कम गरिबानें एकदम कोठून आणावी? आमच्या आज्या उन्हाळ्यांत वर्षाचे गहूं, तांदूळ व तूर भरून ठेवीत, त्या बेगमीचें कौतुक आम्ही नेहमीं ऐकतों. पण ती बेगमी ज्याच्या घरीं एकदम पैसा असे त्याचीच होती. रोज शेर-आच्छेर घेणाऱ्या मजुरास ती कधींच साधली नाहीं. येथेंहि तेंच आहे. चार घरांनीं अर्धा बैल वांटून घेतला तर प्रत्येकाच्या वांट्यास साठ-बासष्ट पौंड, म्हणजे सुमारें अठ्ठावीस किलो मांस येतें. त्यास दोन घनफूट जागा पुरते, आणि वरच्या भावानें खर्च सहाशें डॉलरांच्या आंत राहतो. मध्यम स्थितींतील कुटुंबास हें साधतें. त्याहून खालच्यास साधत नाहीं. म्हणूनच एकट्यादुकट्याच्या खरेदीनें बाजार सुधारेल असें आम्ही म्हणत नाहीं. चार कंपन्यांस आवरणें हें कायद्याचेंच काम आहे. परंतु कायदा होईपर्यंत दुसरा दरवाजा उघडा ठेवणें हें आमचें काम आहे, आणि तो जर बंद झाला तर मागून आलेला कायदा उघडणार काय?

आणि येथेंच त्या उत्साही बाईंची गांठ पडते. त्यांस स्टेक तेवढे हवेत. बाई, बैल हा स्टेकांचा घडविलेला नसतो! ज्याला टेंडरलॉइन म्हणतात तो कण्याखालचा मऊ तुकडा साऱ्या बैलांत दहा-बारा पौंडांपलीकडे भरत नाहीं. पांचशें पौंडांतील मोठा वांटा खिम्याचा. मग खांद्याचे व मांडीचे, मंद आंचेवर तासन् तास शिजवावयाचे तुकडे. शिवाय हाडें, जीभ, शेपटी, काळीज. आपण वरची साय काढून नेली तर उरलेल्या बैलाचें शेतकऱ्यानें काय करावें? ज्याच्याजवळ स्टेक एका शहरास, खिमा दुसऱ्या शहरास आणि जीभ समुद्रापार पाठविण्याची सोय आहे, त्याच्याच दारीं त्यानें गेलें पाहिजे. आणि तशी सोय त्या चार कंपन्यांजवळ आहे. म्हणजे शेतकऱ्याचें नांव घेऊन निवडक तुकडे मागणारा माणूस त्या कंपन्यांचाच मित्र ठरतो.

दर वर्षीं खाटकाचा आम्हांस फोन येतो. स्टेक किती जाड हवे, खिमा एका पुडक्यांत किती, हाडें हवीत काय, जीभ, शेपटी, काळीज ठेवूं काय, असें तो एकेक विचारीत जातो. पहिल्या वर्षीं शेवटच्या चारहि प्रश्नांस आम्हीं नाहीं म्हटलें, आणि आपण कांहीं सभ्यपणाची गोष्ट केली असें मनांत वाटलें. मागाहून लाज वाटली. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत खारविलेली जीभ सणाच्या जेवणांत मानानें येते. महाराष्ट्रांत ज्यांना गांवानें मेलेलें ढोर ओढावयास लावलें आणि वर त्याच कारणास्तव दूर बसविलें, त्यांच्या घरांत मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या करून ठेवीत. जनावराचा कोणता भाग कसा शिजवावा हें ज्ञान त्या चुलींपाशीं होतें. शाहू पाटोळे यांनीं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकांत त्याची नोंद करून ठेविली आहे. ज्यांनीं कांहीं वायां जाऊं दिलें नाहीं त्यांस आम्हीं हीन म्हटलें, आणि बैलांतले मूठभर तुकडे उचलून बाकी टाकणाऱ्यास रसिक! आमच्या सभ्यपणाची ही वजाबाकी कोठल्याहि हिशेबांत बसत नाहीं.

आतां शेवटची, आणि आमच्या मतें मुख्य गोष्ट. 'थेट शेतावरून' हा शब्दप्रयोग अर्धवट खरा आहे. शेतकरी आणि आम्ही यांच्यामध्यें एक माणूस नेहमींच उभा असतो, आणि आम्ही त्याचें नांवहि घेत नाहीं. तो म्हणजे गांवचा खाटीक. मधला माणूस म्हटला कीं आम्हांस अडत्या-दलाल आठवतात. पण जो मध्यें उभा राहून काम करतो आणि जो मध्यें उभा राहून वाट अडवितो, ते दोघे एक नव्हेत. आमच्या भाषेंत तर 'कसाई' ही शिवीच आहे. ज्याच्या हातांतून आलेलें अन्न आम्ही खातों त्याच्या धंद्याचें नांव शिवीसारखें वापरणें यासारखा कृतघ्नपणा नाहीं.

आयोवांतील खेड्यांत अशा कसाईखान्यास अजून 'लॉकर' म्हणतात. १९३० ते १९५० च्या दरम्यान घरोघर शीतपेट्या नव्हत्या, तेव्हां कुटुंबें गांवच्या शीतगृहांत एक-एक कप्पा भाड्यानें घेऊन आपलें मांस तेथें ठेवीत. देशभर अशीं हजारों शीतगृहें होतीं. त्यांतलीं बहुतेक मावळलीं. जीं उरलीं तीं किती मोलाचीं आहेत हें २०२० सालीं कळलें: मोठे कारखाने बंद पडतांच शेतकऱ्यांनीं लहान कसाईखान्यांकडे धांव घेतली, आणि पुढल्या वर्षापर्यंतचे दिवस भरून गेले. आयोवाच्या विधिमंडळास २०२१ सालीं लहान खाटिकांच्या साह्यार्थ निधि उभारण्याची बुद्धि झाली ती त्यानंतर.

आमच्या शेतकऱ्याचा लॉकर त्याच्या घरापासून अकरा मैलांवर आहे. मालकाचें वय सत्तरीच्या पुढें गेलें आहे. मुलें शहरांत नोकरीस आहेत. थंडींत ओल्या फरशीवर आठ तास उभें राहण्यास तरुण माणूस मिळत नाहीं. गेल्या खेपेस पुडकीं आणावयास गेलों तेव्हां तो म्हणाला, "आणखी एक हंगाम, फार तर दोन." शेतकरी जवळच उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं. मग गाडींत माल भरतांना म्हणाला कीं, हा बंद झाला तर पुढचा लॉकर नव्वद मैलांवर आहे, आणि एक-दोन बैल घेऊन नव्वद मैल जाणें परवडत नाहीं. मग वासरें लहान असतांच लिलावांत द्यावीं लागतील. त्या लिलावांतून तीं पुढें कोठें जातात हें वर सांगितलेंच आहे. म्हणजे आमचा अर्धा बैल शेतकऱ्याच्या सचोटीवर जितका, तितकाच सत्तरीच्या एका माणसाच्या गुडघ्यांवर उभा आहे.

म्हणून ज्यांना हा मार्ग पत्करावयाचा असेल त्यांस आमचें सांगणें असें आहे. वर्ष अगोदर बयाणा द्या, म्हणजे शेतकऱ्यास व खाटकास दोघांसहि आपला हंगाम ठरवितां येईल. एकटे घेऊं नका. शेजाऱ्यांस मिळवा, आणि जनावर सबंध संपेल असें पाहा. शेतकऱ्याशीं भावाची घासाघीस केलीत तरी चालेल, खाटकाच्या मजुरीची करूं नका. आणि मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास लहान कसाईखान्यांस तपासनीस, कर्ज व शिकाऊ कामगार कसे मिळवून देणार, हें विचारा. नुसतें 'शेतकऱ्याचें भलें करूं' या उत्तरावर त्याला सोडूं नका.

राहतां राहिल्या त्या बाई. त्यांच्यावर आमचा राग नाहीं. निदान त्यांस घ्यावयाचें तरी आहे. आमच्या चौघां भागीदारांपैकीं एक कुटुंब दुसऱ्या गांवीं जात आहे, तेव्हां पुढील हंगामाचा चौथा हिस्सा रिकामा आहे. तो त्यांनीं घ्यावा असें आमचें येथें जाहीर निमंत्रण आहे. स्टेक निवडण्याचा पहिला मान त्यांचा. जीभ मात्र त्यांनींच न्यावयाची. ती कशी शिजवावी हें विचारावयास लॉकरवर अजून एक म्हातारा माणूस आहे, तोंपर्यंत.